पाच दिवस टिकवायचे गुलाब

मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाचा समज व्हायचा की ही बाई चौथीपर्यंत शिकलेली असावी. तसं असतं तर बरं झालं असतं. निदान स्वतःचा एवढा राग आला नसता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची, बोरीवलीची ही हकीकत. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी गॅलरी. घरात माणसं तीन. एका सरकारी कचेरीत जाणारा नवरा, सासूबाई आणि मी. सासूबाई मालवणकडच्या. मुंबईत येऊन तीस वर्षं झाली तरी जीभ गावचीच. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेले. मी त्यांना पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोतच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गुजराती बाई पुष्परचनेचे क्लास घ्यायच्या. घरी बसून कंटाळा येतो म्हणून मी नाव घातलं आणि चार महिन्यांत त्यात पुरती अडकले. पितळी पसरट भांड्यात खिळ्यांची जड चकती ठेवायची, तीत देठ रोवायचे, कुठलं फूल उंच, कुठलं बुटकं, पान कुठे वळवायचं, हे सगळं मला आवडायचं. घरी मात्र त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. सासूबाईंच्या हिशेबी फूल एक तर देवाला नाही तर केसात. भांड्यात उभं करून त्याच्याकडे बघत बसायचं, हे त्यांना अन्न ताटात मांडून न जेवण्यासारखं वाटायचं.

तर या बाई अंधेरीला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात आणि दोन-तीन दवाखान्यांत फुलं पुरवायच्या. काम वाढलं होतं, त्यांना मदतीला माणूस हवं होतं. एप्रिल संपता संपता त्यांनी क्लासमधल्या दोघींना निवडलं, मला आणि मालाडहून येणाऱ्या एका मुलीला. म्हणाल्या, "फूल लावायला काय, कोणीपण लावेल. मी लावून गेल्यावर ते टिकवायला हात लागतो. काही हात फुलाला चालतात, काही नाय चालत. कोणाचा चालतो ते पाच दिवसात कळते."

परीक्षा सोपी होती. एकाच गठ्ठ्यातले लाल गुलाब, दोघींना बारा-बारा. सोमवारी संध्याकाळी घरी न्यायचे, हवी ती निगा राखायची, शनिवारी सकाळी परत आणून दाखवायचे. जिचे जास्त टिकले तिला काम.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "बघ करून. पण हे जमलं नाही ना, तर मग नोकरीचं खूळ डोक्यातून काढायचं. आई मुलाचं म्हणतेय ते मनावर घे." बोलला ते काही रागाने नव्हे, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी मनात म्हटलं, थांब, शनिवारी दाखवते.

सोमवारी गुलाब आणले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, लांब देठांचे, निम्मे अर्धवट उमललेले आणि निम्मे अजून मुठी मिटलेले. बादलीत मानेपर्यंत तासभर बुडवून ठेवले. मग एकेकाचा देठ पाण्याच्या आतच तिरका कापला, म्हणजे देठात हवा शिरत नाही. पाण्याखाली येणारी पानं खुडली, काटे काढले. पाण्यात चिमूटभर साखर, लिंबाचे दोन थेंब आणि डोकेदुखीच्या गोळीची अर्धी पूड टाकली. ती गोळी टाकताना सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "फुलांची डोकी दुकतत काय गो?" मी हसले. त्या संध्याकाळी मी अगदी खुशीत होते.

मे महिन्याच्या उकाड्यात आमच्या घरात गार जागा एकच, पलंगाच्या उशाशी, भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे ऊन येत नाही आणि पंख्याचा झोतही लागत नाही. एक बुटकं स्टूल होतं, ते पलंगाखाली अर्धं सारावं असं वाटलं, पण खाली नेहमीप्रमाणे अढी घातलेली होती. गावाहून दोन पेट्या आंबे आले होते, ते पेंढ्यात लावले होते. म्हणून स्टूल पलंगाला चिकटवून ठेवलं आणि त्यावर गुलाब.

त्यानंतर तासाभरातच मला पाळी आली.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. 'कावळो शिवलो' की तीन दिवस बाजूला. एवढ्याशा जागेत बाजूला म्हणजे कुठे, तर गॅलरीत. माझी चटई, माझं ताट, माझा तांब्या वेगळा. चुलीला, देवाला, लोणच्याच्या बरणीला आणि फुलाला हात लावायचा नाही. गॅलरीत तुळशीची कुंडी असायची, ती त्या तीन दिवसांपुरती उचलून आत यायची. मी बाहेर, तुळस आत. लग्नानंतर पहिले काही महिने मी यावरून भांडले. माहेरी मुलुंडला आमच्याकडे हे काही नव्हतं. मग भांडायचाही कंटाळा आला. खरं सांगायचं तर तीन दिवस स्वयंपाकातून सुटका व्हायची आणि गॅलरीत वाचत पडता यायचं, म्हणून मी गप्प बसले. यात मी काही फार मोठं धैर्य दाखवलं असं नाही.

पण आता गुलाब होते. दिवसातून दोनदा पाणी बदलायचं, भांडं घासायचं, देठ नव्याने कापायचे, दुपारी ओलं फडकं धरायचं. तीन दिवस हात लावला नाही तर परीक्षा तिथेच संपली. सासूबाईंना करायला सांगावं तर कारण सांगावं लागणार. मी न्हाणीघरात उभ्याउभ्या ठरवलं की सांगायचंच नाही. लहान मुलीने चोरून चिंच खावी तसं मी ते केलं. वापरलेल्या कापडाच्या गुंडाळ्या वर्तमानपत्रात बांधायच्या, भाजी आणायला जाताना पिशवीच्या तळाशी घालायच्या आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकायच्या. देवापुढे दिवा लावण्याआधी मी नकळत हात पदराला पुसले. मी स्वतःलाच रागावले, हे काय बावळटासारखं, म्हणून.

मंगळवारी गुलाब छान होते. सकाळी बारा, संध्याकाळी बारा.

बुधवारी सकाळी पाणी बदलायला भांडं उचललं आणि एक अख्खं फूल फसकन खाली आलं. सगळ्या पाकळ्या एकदम स्टुलावर आणि देठावर नुसता पिवळा बोडका गाभा. मी तशीच भांडं हातात धरून उभी राहिले. फूल मान टाकतं ते मला माहीत होतं. मान टाकली की समजायचं देठात हवा अडकली, पाणी चढत नाही. त्याला उपाय असतो, देठ कापून ऊन पाण्यात बुडवायचा आणि मग गार पाण्यात. हे तसं नव्हतं. देठ ताठ, पानं हिरवीगार, पाणी स्वच्छ. रंगही उतरलेला नव्हता. आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेलं फूल हात लागताच सुटून पडलं होतं. मी दुसऱ्याला बोटाने नुसतं शिवून पाहिलं. त्याच्याही पाकळ्या पडल्या.

हात लागताच. हे शब्द माझ्याच मनात आले आणि मी चमकले.

मी तो विचार झटकला. भांडं राखेने घासलं, पाणी उकळून गार करून घातलं, गोळी घातली नाही, मग वाटलं घालायला हवी होती, मग घातली. दुपारी तिसरं फूल गेलं. आणि मग मी एक गोष्ट केली जी सांगायची मला आजही लाज वाटते. मी प्रयोग केला. कॉलेजात शिकवलेलं तेवढंच त्या दिवशी माझ्या कामी आलं. मागच्या बाजूला तीन मिटलेले गुलाब होते, त्यांना मी मुळीच शिवायचं नाही असं ठरवलं. पाणी बदलतानासुद्धा वाटीने काढायचं आणि वाटीने घालायचं. बाकीच्यांची निगा नेहमीसारखी.

गुरुवारी सकाळी न शिवलेले तीनही जसेच्या तसे उभे होते. शिवलेल्यांतले आणखी तीन गेले.

मी पलंगावर बसले.  कळी मिटलेली असली की उमललेल्या फुलापेक्षा दोन दिवस जास्त जगणारच, एवढी साधी गोष्ट शेंबड्या पोराला कळेल, ती मला सुचली नाही. मला दिसत होते ते माझे हात. मी ते उलटसुलट करून बघितले. नखं कापलेली, बोटावर काट्याचा ओरखडा. मला खरोखर वाटलं की यांतून काहीतरी जातंय आणि फुलं मरताहेत. ज्या गोष्टीवरून मी घरात वाद घातला होता, मैत्रिणींत जिची टिंगल केली होती, ती खरी होती आणि ती माझ्याच अंगात होती. मला माझीच किळस आली. माझं मलाच नवल वाटलं की मी हे इतक्या झटकन मानलं, जणू काही आधीपासून तयारच बसले होते.

सासूबाई त्या दुपारी काही वेगळ्याच आनंदात होत्या. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हे दोन वर्षांत कधी झालं नव्हतं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तीन दिस वर झाले गो. दिवस गेले काय तुका?"

त्या मोजत होत्या! मी गॅलरीत बसले नाही, याचा त्यांनी हा अर्थ काढला होता. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. खोटं बोलणं शक्यच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. सोमवारी पाळी आली, लपवली, फुलांसाठी लपवली, आणि आता फुलं माझ्या हाताने मरताहेत. हे शेवटचं सांगताना मला रडू फुटलं.

त्यांनी हात मागे घेतला.  मग उठल्या.

"देवाक शिवलंस? लोणच्याक? चुलीक?"

"हो."

"तीन दिस?"

"हो."

"अगो, काय म्हणू तुका मी?" त्या स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. माझ्या घराण्याचा उद्धार झाला, मुलुंडचा झाला, बी.एस्सी.चा झाला. लपवलेले दिवस त्यांनी धरलेच नाहीत; शनिवारी डोक्यावरून न्हाईपर्यंत आत यायचं नाही असं बजावलं आणि मी गॅलरीत जाऊन चटईवर बसले. त्यांनी तुळस आत नेली, गोमूत्र शिंपडलं, देव धुतले, लोणच्याची बरणी मात्र हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा जागेवर ठेवली. नवं लोणचं फेकवलं नसावं.

सगळं आवरल्यावर मी गॅलरीतून म्हटलं, "आई, सहा राहिलेत. तुम्ही बघाल का त्यांच्याकडे? मी इथून सांगते कसं करायचं ते. शनिवारपर्यंत फक्त."

त्या गुलाबांकडे बघत उभ्या राहिल्या. "ही देवाची फुला न्हय गो," त्या म्हणाल्या. "ही शोभेची."

"म्हणून काय झालं?"

त्या गुलाबांपासून एक पाऊल मागे सरल्या. मला वाटलं नाराज आहेत, आता मुद्दाम नाही म्हणतील. माझी एवढी मोठी आशा मोडली आणि वर हिच्यासाठी मी राबू, असं मनात आलं असेल. पण थोड्या वेळाने त्यांनी पदर खोचला, हात कोपरापर्यंत धुतले आणि स्टुलापुढे मांडी घालून बसल्या.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. मी दाराच्या उंबऱ्यापलीकडे, त्या आत. मी म्हणायची, देठ पाण्यात धरूनच कापा, सरळ नको, तिरका. त्या एकदा ऐकून घ्यायच्या आणि मग माझ्यापेक्षा सफाईने कापायच्या. काटे अंगठ्याने टपटप मोडायच्या. मी चाट पडले. म्हटलं, "आई, तुम्हाला फुलांची सवय दिसते." त्या म्हणाल्या, "होती." ओलं फडकं त्यांनी माझ्यासारखं टाकलं नाही, काडीवर तंबूसारखं उभं केलं, म्हणजे फुलाला भार नको. पाणी बदलताना गुलाबांशी बोलायच्या, "रव रे बाबांनू, शनवारपर्यंत रवा, तिची नोकरी आसा." नवरा संध्याकाळी आला तेव्हा आई गुलाबांपुढे आणि बायको गॅलरीत, हे पाहून त्याने चपला काढता काढता विचारलं, "हे काय चाललंय?" सासूबाईंनी त्याला नुसतं बाजूने जा म्हणून खुणावलं.

मला खात्री वाटत होती की आता फुलं टिकणार. माझा हात लांब झाला होता.

शुक्रवारी सकाळी सासूबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी, स्टुलापुढे बसल्या. मी उंबऱ्यावर. त्यांनी फडकं काढलं. भांडं हळूच, दोन्ही हातांनी, देवाची मूर्ती उचलावी तसं उचललं. आणि तीन गुलाब एकाच वेळी सुटले. पाकळ्या त्यांच्या मांडीवर पडल्या, मनगटांवर पडल्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि पाकळ्या एक एक गोळा करून ओच्यात घ्यायला लागल्या.

"बगलंस?" त्या म्हणाल्या. "माजो हात."

मला काही कळेना. "तुमचा हात कसला? तुमचं तर वय झालं, तुम्हाला आता काय..."

"रांडवेचो हात," त्या म्हणाल्या. विधवेचा. इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मला आधी वाटलं मी चुकून काही वेगळं ऐकलं. "शोभेच्या फुलाक रांडवेचो हात लागलो. आणि दुसरा काय होतला? माका ठावक होता. तरी लावलंय. तुझा वाटोळा केलंय मी."

असा धक्का मला त्याआधी कधी बसला नव्हता. मी उंबरा ओलांडून आत गेले. सोवळंओवळं गेलं खड्ड्यात. "आई, काय वेड लागलंय का तुम्हाला? कुणी सांगितलं हे? हाताने फुलं मरतात होय?" मी तावातावाने बोलत होते, आणि बोलता बोलताच मला ऐकू आलं की मी काय बोलतेय. त्यांच्या हाताचं ऐकल्याबरोबर मला ते खोटं वाटलं होतं. शंभर टक्के खोटं, मूर्खपणाचं, चीड आणणारं. आणि माझ्या हाताचं मात्र आदल्या दिवसापासून खरं वाटत होतं. तेव्हाही, त्यांच्यावर ओरडत असतानाही, थोडं वाटतच होतं.

त्या उठल्या आणि पुन्हा आंघोळीला गेल्या. दिवसभर त्या फुलांकडे फिरकल्या नाहीत. मीही नाही. तीन गुलाब स्टुलावर एकटे राहिले. आम्ही दोघी एकमेकींना वळसा घालून वावरत होतो. खोलीत आंब्यांचा वास भरून राहिला होता.

शनिवारी सकाळी मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि क्लासला गेले. वाटेत एक पडला. बाईंच्या टेबलावर मी दोन गुलाब ठेवले. मालाडच्या मुलीने नऊ ठेवले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं. बिचारी चांगली होती.

बाईंनी तिच्या भांड्याकडे नुसती नजर टाकली आणि माझंच जवळ ओढलं. चष्मा लावला. देठ उचलून खालून बघितले, पाण्यात बोट बुडवून चोळलं, वास घेतला, रिकामे बोडके देठ मी प्रामाणिकपणे बरोबर आणले होते ते एकेक तपासले. मी मान खाली घालून उभी होते. त्या आता म्हणतील, तुझा हात फुलाला चालत नाही. मी ते ऐकायला मनाची तयारी करून आले होते.

"कटिंग फर्स्ट क्लास," त्या म्हणाल्या. "पाणी साफ. सगळा बरोबर केलास तू. असा बरोबर करून फूल पडते ना, तर एकच कारण असते." मग एकदम वर बघून विचारलं, "घरात आंबा आहे?"

"आहेत."

"किती?"

"दोन पेट्या."

"आणि फूल कुठे ठेवला होता?"

"पलंगाच्या बाजूला."

"आणि आंबा?"

"पलंगाखाली."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, फळाच्या बाजूला फूल ठेवायचा नाय, पहिल्या महिन्यात शिकवला ना मी? फळ पिकते तेव्हा हवेत काय सोडते, त्याने फूल म्हातारा होऊन जाते. एक केळा पुरे होते. तू तर पूर्ण बाजार खाली ठेवला!"

शिकवलं होतं. मला आठवत होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं, 'टेबलावर फळांच्या परडीशेजारी फुले ठेवू नयेत.' पण आमच्याकडे टेबल नव्हतं आणि परडीही नव्हती. पलंगाखालची अढी आमच्या घरात फळांत मोडत नाही. ती मे महिन्यात असतेच, जसा पंखा असतो. रोज त्या पेंढ्यात हात घालून मी आंबे चाचपत होते आणि त्याच हाताकडे बघून रडत होते.

आणि याहून वाईट म्हणजे, पिकणारं फळ कुठला वायू सोडतं, त्याने पाकळीच्या मुळाशी काय होतं आणि ती का गळते, हे मी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. मार्कही चांगले मिळाले होते. ते सगळं डोक्यात होतं. गुरुवारी दुपारी त्यातलं एक अक्षर वर आलं नाही. वर आलं ते दुसरंच काहीतरी, जे कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं.

"तुला काय वाटला होता, का पडतात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

काम त्या मुलीला मिळालं, आणि ते बरोबरच होतं. बाई मला म्हणाल्या, पाऊस संपला की ये, तेव्हा बघू. मी हो म्हटलं आणि भांडं उचललं. मला काम गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं, ते नंतर झालं, चांगलंच झालं. त्या वेळी मात्र मला एकच घाई होती, घरी जाऊन सांगायची. मी जवळजवळ पळतच आले. जिन्यात शेजारीण भेटली, काही विचारत होती, मी थांबलेही नाही.

सासूबाई जमिनीवर बसून पलंगाखालच्या अढीतले आंबे निवडत होत्या. पिकलेले एका बाजूला, कच्चे परत पेंढ्यात. मी धापा टाकत सांगितलं. आई, आंबे! आंब्यांनी झालं सगळं. मी वायू सांगितला, पाकळी सांगितली, बाईंनी कपाळावर हात कसा मारला तेही करून दाखवलं. मला हसू येत होतं. मला वाटलं त्याही हसतील, मला दोन शिव्या घालतील, आंब्यांना दोन घालतील आणि विषय संपेल.

त्या हसल्या नाहीत. हातातला आंबा त्यांनी खाली ठेवला.

"म्हंजे माज्या हातान नाय?"

"नाही हो. कुणी काही केलंच नाही."

"आणि तुज्या?"

"माझ्याही नाही."

त्यांनी आपले हात बघितले, पेंढ्याची काडी झटकली आणि ते मांडीवर पालथे ठेवले.  मला वाटलं त्यांना पटलं नसावं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्यांनी मान हलवली, कळलं म्हणून.

"ह्यांका जावन अकरा वर्सां झाली," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सांत शोभेच्या फुलाक उजेडात हात लावूक नाय मी. माझ्यासारखी वेणी आमच्या वाडीत कोण बांधी नसा. तुझ्या लग्नाची वेणी मी बांधलंय. दार लावन बांधलंय. आणि शेजारणीक दिलंय, म्हटलंय, तू बांधलंस म्हणान सांग, तूच घाल तिच्या केसात, माझो हात लागलो म्हणान कोणाक कळूक नको."

लग्नातली ती वेणी मला आठवत होती. अबोलीची, मधे मोगऱ्याचे कळे. दिवसभरात तिचा एक कळा सुटला नव्हता. सगळ्यांनी शेजारणीचं कौतुक केलं होतं, मीही वाकून तिच्या पाया पडले होते. आणि त्या दिवशी सासूबाई एकदाही पुढे आल्या नाहीत, भिंतीला टेकून मागे उभ्या राहिल्या, म्हणून मी दोन वर्षं मनात धरून होते की मी त्यांना पसंत नव्हते.

"आंब्यान फुला पडली, ता कळला माका," त्या म्हणाल्या. "पण मगे माझा ता अकरा वर्सांचा सगळा कित्याक गो?"

आणि उत्तराची वाट बघत त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.